चिंगीची बाळंतखोली

मावशी : पोटुशी आहे ती, आणि तू तिला एक दिवसाआड चार किडे मोजून घालतेस. वर त्या टबाभोवती चादर गुंडाळलीस. आमच्या वॉर्डात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला असता.

बहीण : पोट भरभरून खायला घातलं म्हणूनच ही वेळ येते, मावशी. मेमो द्यायचाच तर हिच्या आधीच्या मालकाला दे.

फ्लोरिडातल्या टँपाला बहिणीच्या घरी मी पाहुणी होते. वाद चालू असेतो माझ्याकडे कामं दोनच : चहा करणं, आणि अधूनमधून कुणाची तरी बाजू घेऊन दुसरीची बोलणी खाणं. मावशीने सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूती विभागात सिस्टर म्हणून उभी हयात काढली. निवृत्तीनंतर भाचीकडे अमेरिका बघायला आली, तर इथेही बाळंतपणच पुढ्यात. बाळंतीण मात्र येमेनी शॅमेलिऑन, सरड्याची एक जात. डोक्यावर उंच तुरा, झाडाची फांदी पकडायला दोन-तीन अशी जुळलेली बोटं आणि एक डोळा आपल्याकडे तर दुसरा छताकडे. नाव चिंगी. बहिणीने तिला दत्तक घेतलं होतं. आधीच्या घरी नरही होता, आणि दोघांना कधी एकत्र सोडलं होतं का, याचं उत्तर त्या मालकाने धड दिलं नाही.

मावशी : म्हणजे दिवस कधी गेले ठाऊक नाही, कुणापासून ते ठाऊक नाही. केसपेपर कोरा!

बहीण : कोराच. पण नर लागतोच असं नाही गं. कोंबडी नाही का कोंबड्यावाचून अंडी घालत? येमेनी मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते. मग नर असो-नसो, अंडी धरते. नराचा संबंध अंडं फळण्यापुरता. आणि एकदा नर भेटला की त्याचं बीज ती पोटात साठवते, त्यावर पुढची खेपही फळू शकते. त्यामुळे ही अंडी पोकळ की भरलेली, हे आज कुणालाच सांगता यायचं नाही.

मावशी : असतील किती?

बहीण : रानात वीसच्या आतबाहेर. पाळलेल्या मादीत चाळीस, साठ, कधी त्याहूनही जास्त.

मावशी : साठ! त्या वीतभर अंगात?

बहीण : तेच तर म्हणते. हिचं मूळ येमेनच्या डोंगरात आणि शेजारच्या सौदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. तिथे पावसाचे दिवस थोडे. तेवढ्यात किडे मुबलक, बाकीचं वर्ष ओढाताणीचं. घरात मात्र रोज ताट भरलेलं आणि डोक्यावर दिवा तापलेला. तिच्या शरीराला वाटतं सुगी आली, मग ते अंडी धरत सुटतं. प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं; खाण्यातून मिळालं नाही की हाडांतून निघतं. म्हणून जाणती माणसं वाढ पुरी झालेल्या मादीला आठवड्यातून तीनेक दिवस, दर खेपेला तीन-चार किडे एवढ्यावरच ठेवतात, आणि दिव्याखालची ऊब २७ अंशांच्या आसपास. त्याने अंडी कमी होतात, दोन खेपांमधलं अंतर वाढतं.

मावशी : हे 'कमी खा' मला ऐकवू नकोस. सासवा हेच सांगायच्या. कमी खा, पोर बारकं राहील, सुटका सोपी होईल. मग पोरी यायच्या हिमोग्लोबिन सात घेऊन, कळा द्यायला अंगात त्राण नाही. त्या सासवांशी भांडण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

बहीण : अगं, पण हे कमी घालायचं ते अंडी धरण्याच्या आधी!

मावशी : ती तर धरून बसलीय. मग आता कशाला मोजतेस?

बहिणीकडे याचं चटकन उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते मावशीचा मुद्दा बिनतोड होता. हात आखडता घ्यायचा तो आधीच्या महिन्यांत. पोटात अंडी असलेल्या मादीला खाईल तेवढं द्यावं, पण आधी त्या किड्यांना हिरवा पाला आणि गाजर चारून, मग त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून. भुकटी साधी, फॉस्फरस नसलेली. डी-३ जीवनसत्त्वाची भुकटी मात्र महिन्यातून एक-दोनदाच. ते शरीरात साठत जातं, आणि पिंजऱ्यावर अतिनील किरणांचा दिवा नीट असेल तर रोजची गरज अंगावरच भागते. दिवा पेटलेला दिसतो, पण काही महिन्यांनी त्यातले ते किरण ओसरतात, आणि हे डोळ्यांना कळत नाही. चिंगीच्या आधीच्या घरचा दिवा किती जुना होता देव जाणे.

मावशीने तेवढ्यात चिमट्यात एक रेशमाचा किडा धरून पिंजऱ्यात हात घातला. चिंगीचा उजवा डोळा बुबुळासकट गर्रकन फिरून किड्यावर आला. डावा होता तिथेच राहिला. मग उजवाही निघून गेला. अंग काळपट हिरवं झालं, त्यावर निळे-पिवळे ठिपके उठले आणि तोंड एवढंसं उघडलं. नर जवळ आला तर गर्भार मादी त्याला दाखवते तो हा अवतार. रेशमाच्या किड्यालाही तोच मिळाला.

मावशी : नको म्हणते. कळा जवळ आल्या की आमच्या बायकाही पाण्याशिवाय काही मागायच्या नाहीत.

बहीण : हिचंही तेच. कुशीत अंड्यांचे उंचवटे दिसायला लागतात, खाणं सुटतं, पाणी जास्त लागतं. आणि जन्मभर फांदीवर राहणारी ही बया पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालायला लागते. खाली उतरली म्हणजे माती शोधतेय. म्हणून तो टब.

टबाबद्दल दोघींचं आश्चर्यकारकरीत्या एकमत झालं, कारण टब ही मावशीच्या हाताला कळणारी गोष्ट होती. किमान फूटभर लांब-रुंद आणि तेवढीच खोल जागा, त्यात धुतलेली खेळाची वाळू. वाळू किती भिजवायची याची परीक्षा बहिणीने सांगितली आणि मावशीने करून दाखवली. मुठीत दाबली तर रव्याच्या लाडवासारखी वळली पाहिजे, पाण्याचा थेंब मात्र गळता कामा नये. मग मावशीने तर्जनी वाळूत खोल खुपसून बाहेर काढली. भोक तसंच उभं राहिलं. कोरडी वाळू ढासळते आणि मादी आत गाडली जाऊ शकते. फार ओली असेल तर बिळात पाणी साचतं. मावशीने आणखी वाटीभर कोरडी वाळू घालून मळली आणि पुन्हा बोट खुपसलं.

मावशी : आता ही चादर काढ.

बहीण : चादर राहू दे. खणताना तिला कुणी दिसलं तर ती बीळ अर्धवट टाकून निघून जाते. पुन्हा सुरुवात करायला बळ उरत नाही, मग अंडी आत धरून ठेवते. कित्येक जणींचा जीव लोकांच्या कौतुकापायी जातो. आला-गेला डोकावतो, फोटो काढतो.

मावशी : आणि आत काही बिघडलं तर? लेबर रूममधल्या बाईला एकटी सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम.

बहीण : तुमच्या लेबर रूममध्ये पडदे होते का?

मावशी : (जरा वेळाने) नव्हते. एका खोलीत चार टेबलं. कुणी स्टोअरची किल्ली मागायला आत, कुणी सही घ्यायला. मी पडदे मागून मागून थकले. केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला २०१७ च्या शेवटी, तेव्हा कुठे आमच्याकडे कागदावर आलं की बाईला आडोसा हवा आणि जवळ तिचं माणूस हवं. खोलीत गर्दी झाली की चांगल्या चाललेल्या कळा मंदावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बहीण : मग?

मावशी : मग काय! आडोसा हवाच. पण आडोशाआडूनही कुणीतरी बघत असलं पाहिजे.

बहिणीने जुना मोबाइल टबाच्या वर कॅमेऱ्यासारखा लावला आणि चित्र स्वयंपाकघरातल्या टॅबवर आणलं. मावशीने त्या टॅबसमोर खुर्ची टाकली ती टाकलीच. मटार तिथेच सोलले, औषधं तिथेच घेतली.

चिंगी खणायला लागली तेव्हा आम्ही तिघीही टॅबला चिकटलो होतो. पुढच्या पायांनी वाळू मोकळी करायची, मग मागे सरकत मागच्या पायांनी ती बाहेर लोटायची. फांदी धरायला बनलेले ते पाय खणायच्या कामाचे अजिबात नाहीत, तरी ती खणत होती. एका कोपऱ्यात चार बोटं खोल जाऊन थांबली, दुसऱ्या कोपऱ्यात गेली, पुन्हा पहिल्याकडे आली. असं दोन-तीन दिवस चालणं नवलाचं नाही. मनासारखी जागा मिळेपर्यंत मादी पाच-सहा चाचणी-बिळं पाडते. खरा वाद पेटला तो या दिवसांतच.

मावशी : कधीपर्यंत वाट बघणार?

बहीण : ती घालेपर्यंत. घाई केली की बिघडतं.

मावशी : हे उत्तर झालं नाही. आम्ही पार्टोग्राफ भरायचो. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की कागदावर एक तिरकी रेघ सुरू, ती अलर्ट लाइन. तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, ती अ‍ॅक्शन लाइन. बाईचा आलेख पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकला की सावध व्हायचं, दुसरीला टेकला की निर्णय घ्यायचा. मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर तेव्हाच, रात्री बारालाही. वाट बघायला माझी ना नाही. पण रेघ न आखता वाट बघणं म्हणजे झोपा काढणं. तुझी अ‍ॅक्शन लाइन कुठाय?

बहीण : शॅमेलिऑनला तासांचा हिशेब लागू होत नाही. दिवस भरायला वीस ते तीस दिवस, तेही नर भेटल्यापासून मोजायचे. हिचा तो दिवस आपल्याला माहीत नाही.

मावशी : तास नको. लक्षणं सांग. काय दिसलं की गाडी काढायची?

या वादात मी मावशीच्या बाजूची, आणि नुसतं तिचं मन राखायला नव्हे. सरपटणारे प्राणी आजार लपवण्यात पटाईत असतात. रानात अशक्त दिसणं म्हणजे कुणाचं तरी भक्ष्य होणं. त्यामुळे शॅमेलिऑन आजारी दिसायला लागतो तेव्हा तो बराच काळ आजारी असतो. पाळणाऱ्या माणसांत 'निसर्ग बघून घेईल' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण काचेच्या खोलीत, दिव्याच्या उन्हात आणि दुकानातल्या किड्यांवर वाढलेल्या मादीच्या वाट्याला निसर्ग आलाय किती?

बहिणीने शेवटी कागद घेतला. दिवसा डोळे मिटून बसणं. डोळे खोल जाणं. फांदीवरची पकड सैल होणं. खणणं थांबून, अंडी न घालताच, तळाशी पडून राहणं. नुसतं कुंथणं आणि बाहेर काहीच न येणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्य. चिंगी तरतरीत असेल, पाणी पीत असेल, खणत असेल, तर दिवस कितीही लागोत. मावशीने कागद वाचला, 'विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय' हे बहिणीकडून ऐकून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि फ्रिजवर लावला.

मावशी : तिथे नेल्यावर काय करतील?

बहीण : पाणी भरतील, कॅल्शियमचं इंजेक्शन देतील. रक्तात कॅल्शियम कमी असलं की स्नायू आकसतच नाहीत. मग ऑक्सिटोसिन.

मावशी : थांब. ऑक्सिटोसिनच्या आधी वाट मोकळी आहे की नाही ते बघतात ना? अडलेल्या बाईला ते दिलं तर पिशवी फाटते.

बहीण : बघतात. हिचा एक्स-रे मी आधीच काढून घेतलाय. कवच धरलेली लांबट अंडी ओळीने दिसतात, अडकण्याएवढं मोठं किंवा वेडंवाकडं एकही नाही. कधीकधी मात्र अंडी व्हायचीच थांबतात; बीजकोशावर नुसते गोल बलक साठून राहतात, ना पुढे सरकत ना विरघळत. तिथे ऑक्सिटोसिनचा काही उपयोग नाही, शस्त्रक्रियाच लागते. आणि खरं सांगायचं तर ऑक्सिटोसिन हिच्या घराण्याचं नाहीच. सरपटणाऱ्यांचं स्वतःचं संप्रेरक वेगळं, व्हॅसोटोसिन. ते औषध म्हणून सहज मिळत नाही, म्हणून आपलं देतात. कासवांना बरं लागू पडतं, सरड्यांना तेवढं नाही.

मावशी : मग एवढ्या भरवशावर कशाला बसायचं? फ्रिजवरचा कागद बरा.

चिंगीने कागदाची वेळ आणली नाही. एका सकाळी टॅबवर नुसती वाळू दिसत होती आणि बिळाच्या तोंडाशी डोकं. आत शिरून ती उलटी वळली होती, म्हणजे शेपटी तळाशी. मावशीने मोठ्याने बोलायला आम्हाला बंदी केली. दुपारनंतर ती बाहेर आली, आणि मग जे केलं त्याचं मावशीला फार अप्रूप वाटलं : उकरलेली सगळी वाळू परत आत ढकलून, वरून पायांनी दाबून, तिने बीळ असं बुजवलं की जागा ओळखू येईना. मग त्या जागेकडे वळूनही न पाहता फांदीवर चढली. बहिणीने फवारा सुरू केला. पानावरून ओघळणारं पाणी ती चाटत राहिली. पुढचे काही दिवस किड्यांची मोजणी बंद. यावर मावशीची सही होती.

मुंबई-पुण्याकडे ही गोष्ट सांगितली की लोक विचारतात, आपल्याकडचा सरडा असा पाळता येईल का. नाही. आपला घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला घरी आणणं गुन्हा आहे. तो विषारीही नाही, तरी त्या समजुतीने मारला जातो. दुसरं टोक दयाळूंचं. अंडी घालायच्या काळात मादी झाडावरून उतरून जमीन शोधत फिरते, आणि ती रस्त्याकडेला दिसली की कुणीतरी उचलून 'सुखरूप' झाडावर चढवून देतं. ती खाली आली होती कामासाठी. वाहनांपासून राखून, निघाली होती त्याच दिशेला रस्ता ओलांडू दिला तर पुरे.

चिंगीची अंडी तिशीच्या आत निघाली. चमच्याने वाळू सारत बहिणीने एकेक उचललं, न फिरवता, वरच्या बाजूला पेन्सिलीने टिंब करून ओल्या व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे ओल धरणाऱ्या खनिज-चुऱ्याच्या, डब्यात मांडलं. अंडं उलटलं तर आतला गर्भ गुदमरू शकतो, म्हणून टिंब. बहुतेक पांढरी, टपोरी. दोन-चार पिवळसर, बसकी.

मावशी : भरलेली दिसतात.

बहीण : दिसतात. म्हणून तर पंचाईत. २६ ते २८ अंशांवर सहा ते नऊ महिने, मग वीस-पंचवीस पिल्लं. काही आठवड्यांत एकमेकांना सहन करीनाशी होतात, प्रत्येकाला वेगळा पिंजरा, वेगळा दिवा. देऊ कुणाला? हिच्यासारखीच पुन्हा कुणाच्या तरी हाती. इथे लोक कंटाळले की बागेत सोडून देतात; फ्लोरिडाच्या ली काउंटीत २००२ पासून या जातीची मोकाट वसाहत आहे. मी डबा फ्रीजरमध्ये ठेवणार आहे.

मावशी : आधी बघ तरी भरलीत का. उजेड धरून कळत नाही?

बहीण : रक्तवाहिन्या दिसेपर्यंत महिने जातात. आत्ता आत नुसती पेशींची चकती आहे; शॅमेलिऑनचं अंडं फार कोवळ्या अवस्थेत बाहेर येतं आणि सुरुवातीला अगदी सावकाश वाढतं. थांबवायचं तर आत्ताच. ज्या दिवशी खात्री पटेल त्या दिवशी थांबवणं मला जमणार नाही.

मावशी : गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे. मी त्या टेबलाशी उभी राहिलेय, मला सोवळं सांगायचं नाही. पण तिथे बाई स्वतः सांगायची. ही काय सांगणार?

बहीण : ती बुजवून निघून गेली, मावशी. तिचं काम तिथे संपलं. पुढचं माझ्या गळ्यात आहे.

मावशी : पाच ठेव.

बहीण : तीन.

मावशी : अंडी नासतात. पाच ठेवलीस तर दोन हाती लागतील.

पाच ठेवली. बाकीच्यांबद्दल त्या रात्री कुणीच काही बोललं नाही, आणि मावशीने फ्रीजरमधून मटार काढायचं काम माझ्यावर सोपवलं.

बहीण : चार-सहा महिन्यांत ही पुन्हा धरू शकते. खाणं आवरलं तर कदाचित नाही. एक डॉक्टर म्हणतात, बीजकोशच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल.

मावशी : कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत मी एका दिवसात कितीतरी टाक्याची ऑपरेशनं पाहिलीत. ती बाई पंचेचाळीस किलोची असायची तरी आम्ही धास्तावलेलो असायचो. हिचं वजन किती?

बहीण : अंडी घालून झाल्यावर शंभर ग्रॅमला थोडं कमी.

मावशी : मग सर्जनचं सोड. भूल कोण देणार आहे, ते विचार.

बहीण : विचारलंय. मंगळवारी फोन करणार आहेत.

मावशी : मंगळवारी मी घरीच आहे. स्पीकरवर टाक.